आधी दोन मिली तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिग्नेचर सेंट, म्हणजे आपली ओळख बनेल असा एक वास, कसा शोधायचा यावर लेख आला होता, तो आमच्या ऑफिसात डब्याच्या वेळी मोठ्याने वाचला गेला आणि त्यावर जी काही जुंपली त्यात सगळ्यांच्या पोळ्या गार झाल्या. लेख चांगला होता, फोटो तर फारच छान, पण शेवटची बाटल्यांची यादी बघून राहवेना म्हणून लिहितेय. सगळ्या बाटल्या शंभर मिलीच्या, सगळ्या परदेशी, आणि सल्ला काय तर मॉलमध्ये जा, कागदी पट्ट्यांवर तीन-चार वास घ्या आणि जो 'आपला' वाटेल तो उचला. म्हणजे बाहेर उन्हाने डोकं भाजतंय आणि आत एसीत उभं राहून, कागदाला येणाऱ्या वासावर आठ-दहा हजार रुपये टाकायचे? माझं म्हणणं एवढंच आहे की वास अंगावर घालून, आपल्या हवेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वागवून मग ठरवायचा असतो, आणि त्यासाठी दुकानदारांनी गिऱ्हाइकाला दोन-तीन मिली, पैसे घेऊन का होईना, द्यायला पाहिजे.

कागदाचा घोळ काय असतो ते सांगते. बाटलीतून पहिला जो भपका येतो तो लिंबू, संत्रं, बर्गामॉट असल्या पटकन उडणाऱ्या गोष्टींचा, त्याला टॉप नोट म्हणतात, पंधरा-वीस मिनिटांत त्याचा कारभार आटोपतो. मग फुलं आणि मसाले वर येतात, आणि दोन-चार तासांनी जे उरतं ते चंदन, मस्क (कस्तुरीसारखा वास), व्हॅनिला, वाळा असलं जड काहीतरी, ही बेस नोट. दिवसभर तुमच्या शर्टाच्या कॉलरला, ओढणीला जो वास राहणार तो हाच आणि दुकानात तो तुम्हाला भेटतच नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा जेवढा कळतो तेवढंच परफ्यूम त्या पट्टीवर कळतं.

आणि काउंटरवर चालतं काय ते बघा कधीतरी नीट. मुलगा पट्टीवर फुस्स करतो, दोनदा हवेत हलवतो आणि ओली असतानाच तुमच्या नाकाखाली धरतो, त्यामुळे पहिल्यांदा जातं ते अल्कोहोल. तुम्ही अजून 'हं...' म्हणताय तोवर दुसरी पट्टी, मग तिसरी, मग 'मॅडम हे आमचं बेस्टसेलर'. हातात पट्ट्यांचा पंखा झालेला असतो, कुठली कुठल्या बाटलीची ते कुणालाच माहीत नाही कारण पट्टीवर नाव लिहायला त्याच्याकडे पेन नसतं. आजूबाजूला आणखी दोघं तेच करतायत, म्हणजे तुम्ही जे हुंगताय त्यात शेजारच्या काकांचं पण आलं. मग तो कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतो. ही कॉफी मला नेहमी गंमतशीर वाटते, तिने नाक ताजं होतं असं प्रयोगात काही दिसलेलं नाही, साधी हवा घेतली तरी तेवढाच फरक पडतो. खरं तर दुकानाबाहेर जाऊन पाच मिनिटं उभं राहावं, पण गिऱ्हाईक बाहेर गेलं की परत येत नाही हे त्यालाही माहितीय ना.

एका मोठ्या दुकानात मी विचारलं की हे मनगटावर मारून मी उद्या येऊ का सांगायला, तर चेहरा असा केला की जणू मी बाटलीच घरी न्यायला मागितली. छोटं सॅम्पल आहे का, तर 'ते शंभर मिली घेतल्यावर फ्री मिळतं'. आता शंभर मिली घेतल्यावर सॅम्पलचं मी करू काय?

याच्या उलट रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला अत्तरवाल्यांकडे जाऊन बघा. काचेच्या बाटलीचं बूच काढून त्याची कांडी मनगटाच्या मागच्या बाजूला हलकी टेकवतात, आणि चांगला दुकानदार असेल तर वर सांगतो की आत्ता नका घेऊ वास, जरा मंडईत जाऊन या, भाजी घ्या, मग बघा. आणि तीन मिलीची कुपी मागितली तर कोणी तोंड वाकडं करत नाही कारण त्या धंद्याचं मापच तसं आहे, अत्तर तोळ्यावर विकलं जातं, तोळा म्हणजे साधारण बारा मिली, म्हणून त्या बाटल्या ३, ६ आणि १२ मिलीच्या असतात, पाव तोळा, अर्धा तोळा, तोळा. पाव तोळ्यात महिना-दीड महिना आरामात जातो, कारण अत्तरात अल्कोहोल नसतं, तेलच असतं, एक थेंब पुरतो. नाही आवडलं तर गेले चारशे-पाचशे, घरात पूजेला फाया करून संपवता येतं. आठ हजारांची बाटली नाही आवडली तर ती कपाटात बसून वर्षानुवर्षं आपल्याकडे बघत राहते.

अत्तराचं सगळं गोडच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजला जुन्या पद्धतीने तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ खाली भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल भरलेलं असतं, ते फुलांचा वास धरून ठेवतं. भपका पाण्याच्या हौदात ठेवून गार करत राहायचं, जाळ कमी-जास्त करायचा, सगळं हाताच्या अंदाजावर. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये जीआय टॅगही (त्या भागाची खासियत असल्याची सरकारी नोंद) मिळाला. पण चंदनाचे भाव एवढे चढले की आता बऱ्याच ठिकाणी चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन नाहीतर दुसरं काही बिनवासाचं सॉल्व्हंट असतं, आणि फुलांच्या जागी कंपाउंड, म्हणजे कृत्रिम वासाचं तयार मिश्रण. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात, मग शंभर रुपयांच्या कुपीत काय असणार ते आपलं आपण समजावं. मला स्वस्त अत्तराशी भांडण नाही, स्वस्त आहे तर स्वस्त, पण बाटलीवर 'चंदन बेस' (म्हणजे वास धरून ठेवणारं तेल चंदनाचं) लिहायचं आणि आत पॅराफिन घालायचं हे बरोबर नाही. बेस कसला आहे ते कुपीवर छापायला काय हरकत आहे? मॉलमधल्या बाटलीवर निदान इंपोर्टरचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर तरी असतं (नसेल तर घेऊच नका, तो माल कुठून आला देव जाणे).

आता आपल्या हवेचा मुद्दा, तो लेखात अजिबातच नव्हता. पुण्यात एप्रिल-मे म्हणजे कोरडी आग, अशा वेळी टॉप नोट घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत पण टिकत नाही आणि गोड, व्हॅनिलावालं काही मारलं असेल तर दुपारी दोनला स्वतःलाच शिसारी येते. जुलैत हवा दमट, तेव्हा तोच वास दुप्पट जड होऊन बसतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने कातडी कोरडी पडलेली, त्यावर काही टिकतच नाही, आधी थोडं व्हॅसलीन नाहीतर खोबरेल लावून त्यावर मारलं तर फरक पडतो. युरोपातल्या ऑक्टोबरात कोणाला तरी सुंदर वाटलेला वास आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये सुंदर वाटेलच असं कोण म्हणतं? म्हणून 'एकच' सिग्नेचर हा हट्ट मला पटत नाही. मी उन्हाळ्यात वाळा लावते आणि थंडीत हिना, आणि ओळखीच्यांना दोन्ही माझेच वास वाटतात. माठात वाळ्याची जुडी टाकून पाणी पिणाऱ्या लोकांना त्या वासाची ओळख करून द्यायला नको, पण कॉलेजच्या मुलांना सांगितलं पाहिजे की तुमच्या त्या महागड्या 'व्हेटिव्हर'वाल्या बाटल्यांत तोच वाळा असतो, गर्लेन या फ्रेंच कंपनीचं त्या नावाचं परफ्यूम तर साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

दुसरं म्हणजे वासाबरोबर आपापल्या आठवणी चिकटलेल्या असतात त्याचा या याद्या करणाऱ्यांना पत्ताच नसतो. आमच्याकडे एकीने परदेशातून आणलेलं ट्यूबरोजचं परफ्यूम मारलं होतं, ट्यूबरोज म्हणजे आपला निशिगंध, पाश्चात्त्य लोकांमध्ये हा वास एकदम मादक वगैरे मानतात, १९४८ च्या फ्राका नावाच्या परफ्यूमपासून त्याचा केवढा दबदबा. आणि ऑफिसात शिरल्या शिरल्या शिपाईकाका म्हणाले, 'मॅडम, आज कुठल्या लग्नाला?' बरोबरच आहे, मार्केट यार्डातून निशिगंधाची पोतीच्या पोती हारवाल्यांकडे जातात, आपल्या नाकाला तो वास म्हणजे मंगल कार्यालय. लिंबू म्हटलं की भांड्याचा साबण, लॅव्हेंडर म्हटलं की फरशी पुसायचं लिक्विड. केवडा तर विचारूच नका, हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंडईत एका कणसाचा भाव ऐकून पाय मागे घ्यावा लागतो पण वास नाकात शिरला की गणपती आले. आता असा वास रोज ऑफिसला लावायचा का? मला तरी नाही जमत, पण एखादीला जमेल, तिला वर्षभर गणपती आल्यासारखं वाटेल तर चांगलंच आहे की. हे ज्याचं त्याने अंगावर लावूनच ठरतं, यादीत नाही सापडत.

आणि मुळात वासावरून माणूस ओळखू येणं ही काय नवीन फॅशन आहे का? माझ्या आत्याच्या खोलीत शिरलं की टाल्कम पावडर, मोगऱ्याचा गजरा आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या असा एक मिळून वास यायचा, तो दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. वडलांचा म्हणजे आफ्टरशेव्ह आणि सुपारी. कोणी काही शोधायला गेलं नव्हतं, पैसे एका पावडरचेच होते म्हणून तीच वर्षानुवर्षं वापरली आणि तोच वास त्यांचा झाला. ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायचे ते आठवतं का कोणाला? ते कोलन वॉटर म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन घराण्याने १७०९ मध्ये धंदा सुरू करून नावारूपाला आणलेल्या 'ओ द कोलोन'चं घरगुती रूप, आणि आमच्या पिढीला तो वास आला की अजून थर्मामीटर आठवतो. आजकाल दुकानात तोच लिंबू-संत्र्याचा प्रकार 'फ्रेश सिट्रस' म्हणून विकतात आणि मी मात्र मनात म्हणते, ताप किती आहे?

ओ द कोलोनवरून आठवलं, बाटलीवर ईडीटी, ईडीपी लिहिलेलं असतं ते तुमच्या लेखात समजावून सांगायला हवं होतं, कारण अर्धे लोक त्यावरच फसतात. ढोबळमानाने ओ द कोलोनमध्ये सुगंधी अर्क दोन ते चार टक्के, ओ द टॉयलेटमध्ये (ईडीटी) पाच ते पंधरा, ओ द पार्फममध्ये (ईडीपी) पंधरा ते वीस आणि नुसतं 'पार्फम' असेल तर त्याच्याही वर. हे काही कायद्याने बांधलेले आकडे नाहीत, कंपनीनुसार बदलतात, पण एवढं कळलं तरी 'टिकतच नाही हो' ही तक्रार निम्मी होईल. आणि जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, उन्हाळ्यात मला टॉयलेटच बरं वाटतं (नावावर जाऊ नका).

मातीच्या अत्तराबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. कनौजलाच भाजक्या मातीच्या तुकड्यांवरून वाफ काढून ती चंदनात उतरवतात, पहिल्या पावसाचा वास कुपीत. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासावर 'नेचर'मध्ये निबंध लिहिला, पेट्रिकोर हे नाव त्यांनीच दिलं, आणि भारतात लोक हा वास आधीपासून अत्तर म्हणून विकतायत याची त्यांनीही नोंद घेतली होती. पुण्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे गच्चीत जाऊन मोबाईलवर स्टेटस टाकतात, त्यांनी हे एकदा मनगटावर लावून बघावं. मात्र मला ते स्वतःच्या अंगाला नाही आवडलं, उशीच्या अभ्र्याला छान वाटतं.

आणि आपल्याकडे या विषयाचा अभ्यास काय कमी आहे का? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी मिश्रणं बनवण्यावर, आख्खा अध्याय आहे, त्यात सोळा द्रव्यांच्या कोष्टकातून चार-चार निवडून वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली तर १,७४,७२० गंध होतात असा हिशेब मांडलाय. आणि आपल्या भांडारकर संस्थेतले क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात गंगाधराचा 'गंधसार' आणि त्यासोबतचा, चक्क मराठी टीका असलेला 'गंधवाद' या सुगंधांवरच्या जुन्या ग्रंथांवर लिहून ठेवलंय. लॉ कॉलेज रोडवरून रोज संस्थेच्या समोरून जाणाऱ्या किती लोकांना हे माहितीय? तुमच्या पुरवणीत पॅरिसवर दीड पान होतं, यावर एक चौकट चालली असती.

असो. एवढे लाखभर गंध शक्य असताना प्रत्यक्षात काय दिसतं, तर हिंजवडीतल्या कुठल्याही लिफ्टमध्ये शिरा, चारातल्या दोघांना तोच वास. २०१५ साली दोन परफ्यूम आली, एक डिओरचा सोव्हाज आला आणि एक बकारा रूज ५४० आला, दोन्ही बनवणाऱ्यांनी कमाल केली यात वाद नाही, पण मग त्यांच्या नकला, नकलांच्या नकला, डिओ, बॉडी वॉश, गाडीतलं फ्रेशनर, सगळीकडे तेच अँब्रॉक्सन नावाचं कृत्रिम सुगंधी रसायन घुमतंय. सगळे एकाच रीलवर एकच यादी बघून एकच बाटली घेतात आणि वर म्हणतात सिग्नेचर.

यात एक त्रासाचा भाग पण आहे. तोच वास सतत आला की मेंदू थोड्या वेळाने त्याची दखल घेणं सोडून देतो, त्यामुळे रोज लावणाऱ्याला स्वतःचा वास येईनासा होतो, त्याला वाटतं उडाला, मग तो आणखी दोन फवारे मारतो, परत दोन. शिवाय काही मस्क असे असतात की काही लोकांच्या नाकाला ते लागतच नाहीत, बाकीच्यांचं डोकं उठतं. सकाळी वनाझहून सुटणाऱ्या मेट्रोत, दारं बंद, एसी चालू, आणि शेजारी असं कोणीतरी, दम्याच्या माणसाने करायचं काय? यशवंतराव नाट्यगृहात तर मध्यंतरापर्यंत पहिल्या पाच रांगांचं एक वेगळंच परफ्यूम तयार झालेलं असतं. हाताच्या अंतरावरच्या माणसाला कळलं तर पुरे, जिन्यात कळायची गरज नाही. घरातल्या कोणालातरी विचारावं, तेच खरं सांगतात, माझा मुलगा तर फारच खरं सांगतो.

जाता जाता दोन-तीन गोष्टी, बऱ्याच जणी विचारतात म्हणून. मनगटावर मनगट घासू नका, लावलं की सोडून द्या. अत्तर पैठणीवर कधीही नाही, तेलाचा डाग जात नाही, ब्लाऊजच्या आत किंवा कानामागे लावा, किंवा जुन्या लोकांसारखा कानाच्या पाळीवरच्या घडीत फाया ठेवा, तो दिवसभर पुरतो. आणि बाटली बाथरूमच्या खिडकीत नको, ऊन आणि वाफेने सगळं बिघडतं, कपाटात अंधारात ठेवा. दिवाळीच्या उटण्याच्या खणात ठेवली तरी चालेल.

तर मुद्द्यावर येते. दुकानदारांना विनंती आहे की दोन मिली, तीन मिलीच्या कुप्या भरून ठेवा, त्याचे व्यवस्थित पैसे लावा, आम्ही देऊ. काही भारतीय कंपन्या वीस मिलीच्या बाटल्या काढतात, तेही पुष्कळ बरं, त्या काउंटरच्या मागे न लपवता पुढे मांडा. पट्टीवर नाव लिहायला एक पेन ठेवा. अत्तरवाल्यांनी बेस कसला ते कुपीवर छापावं. आणि गिऱ्हाइकांनी पण एका फेरीत दोनच्या वर वास अंगावर घेऊ नयेत, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट किंवा कुर्ता हुंगून मग ठरवावं, घाई कसली आहे.

तुमच्या लेखिकेवर राग नाही, तिने मेहनत घेतलीय हे दिसतं. फक्त पुढच्या वेळी प्रत्येक बाटलीच्या किमतीशेजारी पुण्यात तिचं दोन-तीन मिली सुटं कुठे मिळतं ते पण छापा, आणि जिचं मिळत नाही ती यादीतून काढून टाका, यादी निम्मी झाली तरी चालेल.

कळावे,
आपली एक नेहमीची वाचक,
कोथरूड, पुणे ३८